जबड्याला टायटॅनियमची प्लेट की विरघळणारी? चोपड्याच्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. चोपड्याजवळच्या गावातला २४ वर्षांचा भाचा मोटरसायकलवरून पडला. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला आहे, उजवीकडे सुळ्याच्या जरा मागे आणि डावीकडे अक्कलदाढेपाशी, जबडा कानाकडे वर वळतो त्या कोनात. जळगावच्या डॉक्टरांनी टायटॅनियमच्या प्लेटा सुचवल्या आहेत. मामांना कोणीतरी सांगितलं की आता विरघळणाऱ्या प्लेटा मिळतात आणि त्या टाकल्या की काढायला दुसरं ऑपरेशन लागत नाही. जास्त पैसे भरायची तयारी आहे. गाडीवर पुढे बसलेली सात वर्षांची पुतणी हनुवटीवर आपटली, तिला टाके घालून घरी पाठवलं. तिच्या जबड्यालाही विरघळणारी प्लेट लागेल का, हा दुसरा प्रश्न.

भाऊ, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. भाच्याला टायटॅनियमच टाका. पुतणीला बहुधा कुठलीच प्लेट लागणार नाही, पण तिचा सांधा तपासून घेणं भाच्याच्या ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, ते वाचल्याशिवाय थांबू नका.

दुसऱ्या ऑपरेशनची भीती मुळात अर्धीच खरी आहे. मोठ्या माणसाच्या जबड्यातली टायटॅनियमची प्लेट हाड जुळल्यावर काढायचा नियम नाही. ती आयुष्यभर आत राहते. जंतुसंसर्ग झाला, स्क्रू सैल झाला, पातळ हिरडीतून प्लेट उघडी पडली किंवा म्हातारपणी कवळीखाली तिची कड टोचू लागली, तरच ती काढतात. ‘अंगात लोखंड ठेवू नये’ असं घरची मोठी माणसं म्हणतात, पण हे लोखंड नाही. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो, त्यामुळे ते गंजत नाही आणि हाड त्याला चिकटून वाढतं. पुढे कधी एमआरआय काढावा लागला तरी अडत नाही. चुंबक टायटॅनियमला ओढत नाही, फक्त जबड्याच्या आसपासचं चित्र थोडं धूसर येतं. तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवायचं, एवढंच.

उलट बाजूचा पुरावाही पाहा. नेदरलँड्समधल्या चार रुग्णालयांनी मिळून २३० रुग्णांवर या दोन प्रकारांची तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ११७ जणांच्या वाट्याला विरघळणाऱ्या प्लेटा आल्या होत्या. त्यातल्या २५ जणांच्या बाबतीत सर्जनला ऑपरेशन चालू असतानाच बेत बदलून टायटॅनियम लावावं लागलं. याच रुग्णांचा पुढे काही वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा त्रास झाला म्हणून प्लेट काढण्याची वेळ विरघळणाऱ्या गटातच जास्त जणांवर आली. त्या रुग्णांत मोडलेल्या जबड्यांबरोबर ठरवून केलेल्या जबड्याच्या शस्त्रक्रियाही होत्या, त्यामुळे हे आकडे भाच्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण जी गोष्ट टाळायला जादा पैसे मोजायचे, तीच जास्त वेळा घडली, हे विसरता येत नाही.

आता खालच्या जबड्याला एवढी ताकद का लागते ते पाहू. खालचा जबडा दोन्ही टोकांना सांध्यात टांगलेला असतो आणि मध्ये त्याला चावण्याचे स्नायू ओढत असतात. चावताना दाढांकडची वरची कड ताणली जाते आणि खालची कड दाबली जाते. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या शाम्पी या सर्जननी १९७० च्या दशकात हे ताण-दाब मोजून प्लेट कुठल्या रेषेवर बसवायची ते नक्की केलं. आजही जगभर त्याच रेषा वापरतात. दाढांच्या भागात दातांच्या मुळांखाली एक प्लेट पुरते. कोनात अक्कलदाढेच्या बाहेरच्या तिरक्या कंगोऱ्यावर एक बसते. दोन्ही सुळ्यांच्या मधल्या भागात मात्र जबडा पिळलाही जातो, म्हणून तिथे एकाखाली एक अशा दोन प्लेटा लागतात.

भाच्याच्या दोन्ही मोडी एकमेकींना अडचणीत आणणाऱ्या आहेत. दोन जागी मोडलेल्या जबड्यात किमान एक जागा पक्की बांधलेलीच हवी. दोन्हीकडे जेमतेम धरणारं काही लावलं तर जबडा मागच्या बाजूने फाकतो, चेहरा रुंद दिसतो आणि दाढा आतल्या बाजूने एकमेकींना लागत नाहीत. त्यामुळे उजवीकडे पुढे दोन प्लेटा किंवा एकच पण जाड प्लेट, आणि डावीकडे कोनात एक, असा बेत असतो. म्हणजे साधारण तीन प्लेटा आणि बारा स्क्रू. त्यांची मापंही माहीत असू द्या. प्लेट सुमारे १ मिमी जाड असते, स्क्रूचा व्यास २ मिमी, लांबी ६ किंवा ८ मिमी, आणि मोडीच्या प्रत्येक बाजूला कमीत कमी दोन स्क्रू.

टायटॅनियम हाडापेक्षा कित्येक पट ताठ आहे. विरघळणारं प्लास्टिक हाडाच्याही कित्येक पट कमी ताठ आहे. टायटॅनियमचा ताठपणा ११० गिगापास्कलच्या (ताठपणा मोजायचं एकक) आसपास, हाडाच्या कठीण थराचा १५ ते २०, आणि विरघळणाऱ्या प्लेटेचा ३ ते ५. ही तूट भरून काढायला प्लेट दीडपट-दुप्पट जाड करावी लागते. कोनातल्या कंगोऱ्यावर हिरडी पातळ असते, तिथे जाड प्लेटवर टाके ताणले जातात आणि जखम उघडते. लाळ आत शिरली की संसर्ग आलाच. प्लेटमुळे होणारी सगळ्यात जास्त गुंतागुंत कोनाच्या मोडीतच होते, मग प्लेट कुठलीही असो. अशा जागी नरम पर्याय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं ते समजलं तर डॉक्टरांशी बोलायला सोपं जाईल. आधी वरच्या-खालच्या दातांना आर्च बार (दातांच्या ओळीला लावायची धातूची पट्टी) आणि तार बांधून चावा पूर्वीसारखा बसवतात. जबड्याची खरी मोजपट्टी म्हणजे दातांचा चावा, एक्स-रेवरची रेघ नव्हे. चेहऱ्यावर काप न घेता हिरडीतूनच आत शिरतात. सुळ्यामागे हाडाच्या भोकातून ओठ-हनुवटीची संवेदना देणारी नस बाहेर पडते, ती दिसेपर्यंत हात जपूनच चालवावा लागतो. भाच्याला आत्ताच खालचा ओठ बधिर वाटत असेल तर ते मोडीमुळे आहे. हे ऑपरेशनच्या आधी कागदावर लिहून घ्या, म्हणजे नंतर घोळ होत नाही. दात असलेला पुढचा भाग आधी जुळवतात, कोन मागाहून. मोडीच्या रेषेतली अक्कलदाढ हलत असेल, मोडली असेल किंवा पिकली असेल तर काढायची. घट्ट असेल आणि हाड जुळवायला आधार देत असेल तर ठेवतात.

प्लेट हाडावर तंतोतंत वाकवून बसवणं हे कौशल्याचं काम आहे. हाड आणि प्लेट यांच्यात फट राहिली की स्क्रू पिळताना हाड प्लेटकडे ओढलं जातं आणि जुळलेला चावा तिथेच बिघडतो. ड्रिल सावकाश चालवायचं आणि त्यावर सलाईनची धार सतत सोडायची. हाड एक मिनिट ४७ अंशांपर्यंत तापलं तरी मरतं. भोकाभोवतीचं हाड मेलं की दोन-तीन आठवड्यांनी स्क्रू सैल होतो आणि दोष प्लेटेवर येतो. सगळे स्क्रू लागल्यावर, टाके घालण्याआधी, दातांची तार सोडून जबडा हाताने उघड-मीट करून चावा पुन्हा पाहतात. ही पायरी घाईत गळता कामा नये.

विरघळणाऱ्या प्लेटेची कसरत वेगळी आहे. ती थंड असताना बहुतेक प्रकारांत वाकत नाही, वाकवली तर चिरते. निर्जंतुक गरम पाण्यात, साधारण ५५ ते ७० अंशांवर, काही सेकंद बुडवून ती मऊ करायची, हाडावर दाबायची आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायची. आकार चुकला की पुन्हा पाण्यात. टायटॅनियमचा स्क्रू स्वतःच आटे पाडत जातो. इथे मात्र आधी भोक, मग त्यात वेगळ्या हत्याराने आटे पाडायचे, मग स्क्रू. तो अगदी सरळ रेषेत हाताने फिरवावा लागतो. जरा तिरका गेला किंवा शेवटचा अर्धा पीळ जोरात दिला की डोकं तुटून हातात येतं. तुटलेल्याच्या मधून सरळ ड्रिल घालून नवा स्क्रू लावता येतो, ही त्यातली सोय. पण बारा स्क्रूंच्या कामात तीन-चार तुटले तर वेळही वाढतो आणि बिलही, कारण उघडलेला प्रत्येक स्क्रू बिलात येतो.

बसवल्यावरही तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. खालच्या जबड्यात अशा प्लेटा लावल्या तर एक-दोन आठवडे किंवा जास्तही दातांना रबर किंवा तार बांधून ठेवायची पद्धत आहे. म्हणजे ज्या तोंडबंदीतून सुटण्यासाठी प्लेट टाकायची, ती तोंडबंदी पुन्हा आलीच.

विरघळणं म्हणजे साखर पाण्यात विरघळावी तसं नसतं. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या लांब साखळ्या शरीरातल्या पाण्याने हळूहळू तुटतात, त्यांचं पुन्हा आम्ल होतं, आणि शरीर त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतं. किती दिवसांत, हे मिश्रणावर ठरतं. ८२ भाग लॅक्टिक आणि १८ भाग ग्लायकोलिक असलेल्या प्रसिद्ध मिश्रणाची ताकद आठ आठवड्यांपर्यंत बरीचशी टिकते आणि वर्षभरात ते संपतं. शुद्ध पॉली-एल-लॅक्टिकला कित्येक वर्षं लागतात. १९८७ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या सर्जननी गालाच्या हाडाच्या मोडीवर ते वापरलं, हाडं छान जुळली, पण तीन वर्षांनंतर काही रुग्णांना त्याच जागी सूज येऊ लागली. आत न संपलेल्या कणांना शरीर तोंड देत होतं. आजची मिश्रणं सुधारली आहेत, तरी सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान न दुखणारी गाठ येऊ शकते. ती पू समजून गावात अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स चालू राहतात. साध्या एक्स-रेत बहुतेक विरघळणाऱ्या प्लेटा दिसतच नाहीत, फक्त स्क्रूची भोकं काळी दिसतात. त्यामुळे नव्या डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो.

खानदेशासाठी आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. या प्लेटांना उष्णता आणि ओल सोसत नाही. बहुतेकांचं प्लास्टिक ५५-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि साठवणुकीची मर्यादा तर त्याच्या खूपच खाली असते. ती पाकिटावर छापलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. मुंबईहून किंवा नाशिकहून पुरवठादाराच्या गाडीत आलेला डबा डिकीत दुपारभर राहिला तर आतली प्लेट वाकडी दिसेलच असं नाही, पण तिची साखळी आधीच तुटायला लागलेली असू शकते. टायटॅनियमचा डबा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) टाकून वापरतात, याचं तसं नाही. कारखान्यातून निर्जंतुक होऊन आलेलं पाकीट एकदाच उघडायचं, उरलेलं पुन्हा निर्जंतुक करता येत नाही. पुढे कधी विरघळणारी प्लेट घ्यायची वेळ आलीच तर डबा थंड ठिकाणी राहिला का, पाकीट फुगलंय का, मुदत कधीपर्यंत आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग ही प्लेट कोणासाठी? मोठ्यांमध्ये गालाचं हाड, डोळ्याच्या खोबणीचा तळ, कपाळ, म्हणजे जिथे चावण्याचा जोर पोचत नाही किंवा कमी पोचतो तिथे ती चालते. जबड्याचे तुकडे-तुकडे झाले असतील, मोडीत आधीच पू असेल, किंवा दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा जबडा झिजून काडीसारखा झाला असेल तर तिचा विचारही करू नये. तिथे २.४ मिमी स्क्रूची जाड प्लेट लागते. विरघळणाऱ्या प्लेटेची खरी जागा आहे लहान मुलांत. कवटीच्या वाढत्या हाडांवर धातूच्या प्लेटा बसवल्या की हाड वरून वाढतं आणि प्लेट आत सरकत जाते, या अनुभवातूनच तिचा वापर वाढला.

सहा ते बारा वयात खालच्या जबड्यात पक्क्या दातांचे कोंब दाटीने बसलेले असतात. स्क्रू कुठेही गेला तरी एखादा दात कायमचा जाऊ शकतो. म्हणून लागलीच तर प्लेट फक्त खालच्या कडेला, लहान स्क्रू घेऊन. ती टायटॅनियमची असेल तर हाड जुळल्यावर दोन-तीन महिन्यांत काढतात, म्हणजे इथे दुसरं ऑपरेशन खरोखर असतं. धडगाव-अक्कलकुव्याकडची किंवा शिरपूर तालुक्यातल्या पाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, मूलही सोबत जातं. अशा मुलाची प्लेट तीन महिन्यांनी काढायला कोण येणार? तिथे महाग असूनही विरघळणारी प्लेट टाकण्यात शहाणपण आहे, आणि डॉक्टरांनी ते आपणहून सुचवायला हवं. तरीही मुलांच्या बहुतेक मोडी न उघडताच बऱ्या होतात. दातांवर ॲक्रिलिकचं टोपण बसवून जबड्याभोवती तारेने बांधायचं आणि दोन-तीन आठवड्यांत काढायचं. मुलांचं हाड तेवढ्यात जुळतं.

आता पुतणी. हनुवटीवर आपटलेल्या मुलाची हनुवटी फाटते, सगळे त्या जखमेकडे बघतात, टाके पडतात आणि मूल घरी जातं. आपटल्याचा धक्का मात्र जबड्यातून वर जाऊन कानापुढच्या सांध्यात पोचतो आणि तिथली जबड्याची मान मोडू शकते. तिला तोंड उघडायला सांगा. हनुवटी एका बाजूला वळते का, कानापुढे दाबल्यावर दुखतं का, मागचे दात लागल्यावर पुढच्या दातांत फट राहते का, कानातून रक्त आलं होतं का, एवढं पाहा. यातलं एकही असेल तर उद्याच ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढा आणि डॉक्टर म्हणाले तर सीटीही.

या वयात तिथे प्लेट टाकत नाहीत. मोडलेलं टोक वाढीबरोबर स्वतःला पुन्हा घडवून घेतं. पण त्याला हालचाल हवी. फार दुखत असेल किंवा चावा बसत नसेल तर सात ते दहा दिवस रबर बांधतात, त्याहून जास्त नाही. मग रोज तोंड उघडण्याचा व्यायाम. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या आणि दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. तिची स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. दुखतं म्हणून मूल रडतं आणि आजी ‘राहू दे’ म्हणते, तिथेच पुढचं सगळं दुखणं सुरू होतं. सांध्यात साचलेल्या रक्ताचं हाड बनतं आणि सांधा जखडतो. मग तोंड बोटभरही उघडत नाही, हनुवटी वाढत नाही, झोपेत श्वास अडतो. तो जखडलेला सांधा सोडवणं हे साध्या मोडीपेक्षा किती तरी मोठं ऑपरेशन आहे. पहिला महिना दर आठवड्याला, मग सहा महिने दर महिन्याला, आणि पुढे वाढ थांबेपर्यंत वर्षातून दोनदा तोंड किती उघडतं ते मोजून घ्या.

भाच्याची ऑपरेशननंतरची काळजी. सहा आठवडे भाकरी, शेव, शेंगदाणे, पेरू, काहीही चावायचं नाही. पहिले दोन आठवडे पातळ वरण, दूध, ताक, ज्वारीची आंबील, कुस्करून दुधात कालवलेली केळी. तिसऱ्या आठवड्यापासून मऊ खिचडी आणि भरीत चालेल, पण मिरची अगदी कमी आणि सोबत कळण्याची भाकरी नको. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या, नाही तर वजन झपाट्याने उतरतं. प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिनचं १० मिली, तेही दोन आठवडेच, पुढे त्याने दात काळवंडतात. लहान मुलांचा मऊ ब्रश दुसऱ्या दिवसापासून. दात तारेने बांधून घरी सोडलं तर तार कापायची कात्री उशाशी ठेवा आणि उलटी झाली तर कुठली तार कापायची ते निघतानाच दाखवून घ्या.

तंबाखू, गुटखा, बिडी हे पूर्ण बंद. पुडी गालात धरण्याची जागा आणि कोनातल्या प्लेटची जागा जवळपास एकच आहे. जखम उघडण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि तिथे टायटॅनियमही वाचवत नाही. पाचव्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तोंडात घाण चव आली, पूर्वी बसणारा चावा बसेना, किंवा मोडीच्या जागी करकर जाणवली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. पू आला म्हणून लगेच प्लेट काढायची नसते. स्क्रू घट्ट असतील आणि हाड हलत नसेल तर जखम धुऊन, औषध देऊन हाड जुळेपर्यंत प्लेट ठेवतात. स्क्रू सैल असतील तर मात्र ती काढून जास्त मजबूत प्लेट टाकावी लागते.

पैशाचं. विरघळणाऱ्या प्लेटेची किंमत टायटॅनियमच्या कित्येक पट असते. भाच्याच्या बाबतीत तो खर्च नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का आणि रुग्णालय त्यासाठी नोंदलेलं आहे का, हे दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. काही ठिकाणी अजून स्टीलच्या प्लेटा लावतात. म्हणून डॉक्टरांना ‘टायटॅनियमच ना, किती मिमीची, किती स्क्रू?’ असं सरळ विचारा. प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर आणि कंपनीचं नाव असलेला चिकटवायचा कागद असतो. तो डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या, ऑपरेशननंतरचा ओपीजी त्याच पिशवीत ठेवा आणि दोन्हींचा फोटो भाच्याच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा. दहा वर्षांनी कोण्या गावी दाढ काढताना तिथल्या डॉक्टरांना तोच पहिल्यांदा लागेल.